सात माणसांचं रविवारचं जेवण आणि स्लो कुकरमधलं वातड बीफ

प्रकरण डेनव्हरमधलं आहे. कुटुंब मूळचं वसईकडचं, ईस्ट इंडियन, म्हणजे तिकडचे जुने मराठीभाषक ख्रिस्ती: नवरा-बायको, तीन मुलं आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले सासू-सासरे. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि जेवण इथल्या पद्धतीचं करायचं, असं सुनेच्या मनात होतं. म्हणजे बीफचा अख्खा तुकडा दिवसभर स्लो कुकरमध्ये (तासन् तास मंद शिजवणारं विजेचं भांडं), त्याच्याच रसाची ग्रेव्ही, सोबत गाजर-बटाटे. अडचण सासऱ्यांच्या कवळीची. मांस सुरीने कापावं लागलं की ते खात नाहीत. तक्रार करत नाहीत, नुसतं ताटाच्या कडेला सारतात. त्यामुळे मांस मऊ होतं की नाही यावर ते जेवतात की नाही हे ठरणार होतं.

पहिल्या रविवारी त्यांनी कडेला सारलं. मी इथे केटरिंगची कामं घेते, म्हणून दुसऱ्या दिवशी मला फोन. सुनेचं निदान तयार होतं: "ताई, सात तास ठेवलं हो. जास्त शिजून कडक झालं." मागून सासूबाईंचा आवाज: "कुकरला लावलं असतंस तर तासाभरात झालं असतं, बाय." सुनेचं म्हणणं मला पटलं नाही. सासूबाईंच्या म्हणण्याकडे पुढे येते.

तुकडा कोणता होता

तिने आणला होता तो 'आय ऑफ राउंड', तीन पौंडांचा, म्हणजे सुमारे १.३६ किलो. मागच्या मांडीतला हा स्नायू लांबट, गोल, एकसारखा लाल असतो, चरबीचा पत्ता नाही. ट्रेमध्ये इतका नीटनेटका दिसतो की हात तिथेच जातो. दोन घेतले तर सवलत होती म्हणून दोन घेतले, एक फ्रीझरमध्ये राहिला.

वसईत वाढलेल्या बाईने हाच निवडला याचं मला नवल वाटलं नाही. तिकडे मांस तुकडे करूनच मिळतं, आणि घेणारा खाटकाला फार तर 'चरबी कमी घाल रे' एवढं सांगतो. शिवाय महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच आहे, २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. बाजारात उरतं ते म्हशीचं. त्यात स्नायूच्या आत विखुरलेली बारीक चरबी इथल्या गुरांच्या मानाने फार कमी. मग गुलाबी मांसात पांढऱ्या रेघा दिसल्या की 'हे चांगलं नाही' असं वाटणं साहजिक आहे. इथे नेमकं उलटं: अख्ख्या तुकड्याला आणि लांब शिजवण्याला त्या रेघाच हव्यात.

स्लो कुकरसाठी जनावराने कष्ट केलेला भाग घ्यायचा. खांद्याचा भाग, म्हणजे चक, जनावराचा बराचसा भार उचलतो. त्यात अनेक लहान स्नायू, त्यांच्यामध्ये पापुद्रे, चरबी आणि भरपूर कोलॅजन. पाया खाणाऱ्याला कोलॅजन समजावून सांगायला नको. खूर रात्रभर उकळले की ओठ चिकटवणारा जो रस्सा होतो, तो त्याचाच. आय ऑफ राउंडमध्ये ते फारसं नसतं, त्यामुळे वितळून मांसाला ओलावा देईल असं आत काहीच नाही. हा तुकडा दहा तास ठेवला असता तरी धागे सुटले असते, पण तोंडात चोथाच राहिला असता.

१६५ अंश

तरी केवळ तुकड्यावर खापर फोडून चालणार नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसाठी घेतलेला टोचायचा थर्मामीटर तिच्याकडे होता आणि तिने संध्याकाळी सहाला तो लावून पाहिला होता. आकडा आला १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. "पाकिटावर १४५ लिहिलंय, म्हणजे वीस अंश जास्तच की," असं ती म्हणाली. सगळा घोळ या एका वाक्यात होता.

१४५ फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सिअस, हा अमेरिकेच्या कृषी खात्याने अख्ख्या तुकड्यासाठी ठरवलेला सुरक्षिततेचा किमान आकडा आहे. त्यावर तीन मिनिटं ठेवलं की खायला धोका नाही, एवढाच त्याचा अर्थ. मऊपणाबद्दल तो काही सांगत नाही. काट्याने सुटणारं बीफ हवं असेल तर मध्यभागी १९५ ते २०५ फॅरनहाइट, म्हणजे ९० ते ९६ सेल्सिअस लागतात, आणि त्या तापमानाशी काही वेळ थांबावंही लागतं.

मधल्या टप्प्यात काय होतं ते पाहा. साठ-सत्तर सेल्सिअसच्या दरम्यान स्नायूंचे तंतू आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजन वितळून त्याचं मऊ, चिकट जिलेटीन व्हायला सुरुवात त्याच सुमारास होते, पण अगदी संथ. वेग येतो तो ऐंशीच्या पुढे. म्हणजे ७४ अंशांवर तुकडा सर्वांत वाईट अवस्थेत असतो: पाणी गेलेलं, जिलेटीन आलेलं नाही. कडक लागतं, आणि कडक म्हणजे जास्त शिजलेलं असं समजून माणूस घाईने बंद करतो. तिचं मांस जास्त शिजलेलं नव्हतं. अर्ध्यावर थांबलेलं होतं.

सात तासांत ७४ च का? याची कारणं एकेक करून सापडली. तुकडा शनिवारी रात्री फ्रीझरमधून खाली काढला होता आणि रविवारी अकराला, चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर भांड्यात गेला तेव्हा मध्यभागी अजून बर्फ होता. वेळ तर त्यात गेलाच, पण हे धोक्याचंही आहे. ४ ते ६० सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि 'लो' म्हणजे मंद बटणावरचा स्लो कुकर गोठलेल्या तुकड्याला त्या पट्ट्यात तासन् तास रेंगाळत ठेवतो. मांस पूर्ण सुटलेलं हवं, याला अपवाद नाही.

दुसरं कारण सासूबाई. दर तासाला झाकण उचलून त्या बघत होत्या. अर्ध्याहून अधिक आयुष्य चुलीपुढे आणि गॅसपुढे काढलेल्या बाईला आवाज न करणाऱ्या, वाफ न सोडणाऱ्या भांड्यावर भरवसा कसा बसणार? पण गॅसवर झाकण काढलं तर मिनिटभरात वाफ परत धरते. स्लो कुकरची शक्ती तेवढी नसते. एकदा झाकण उघडलं की गमावलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं सहज जातात. सात तासांतले दोन तास असेच गेले असणार.

तिसरं कारण गाव. डेनव्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच, इथे पाणी ९५ सेल्सिअसलाच उकळतं. प्रेशर कुकरशिवाय तुरीची डाळ शिजवायला बसलेल्या इथल्या प्रत्येक मराठी घराला हे ठाऊक आहे. समुद्राकाठच्या एखाद्या शहरात लिहिलेल्या पाककृतीतले तास इथे पुरत नाहीत. पहिल्या दोन कारणांपुढे हे लहान, पण दिशा तीच.

लो आणि हाय यांबद्दलही तिचा गैरसमज होता, आणि तो जवळजवळ सगळ्यांचाच असतो. बहुतेक स्लो कुकरमध्ये दोन्ही बटणांवर भांडं शेवटी जवळपास त्याच तापमानाला, उकळीच्या किंचित खाली पोचतं. फरक पोचायला लागणाऱ्या वेळेचा: हाय वर साधारण तीन-चार तास, लो वर सात-आठ. तिचं भांडं पोचायच्या सुमारास बंद झालं.

दुसरा रविवार

नवा तुकडा चक रोस्ट, 'चॉइस' दर्जाचा, चार पौंड, म्हणजे १.८ किलो. शिजल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं, तरी सात जणांना दीडशे ग्रॅमच्या आसपास पुरतं. तो गुरुवारीच फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला. शनिवारी रात्री पुसून कोरडा केला, दोन भागांत कापला (दोन लहान तुकड्यांत उष्णता लवकर आत जाते, सौंदर्य गेलं तर जाऊ दे) आणि वजनाच्या एक टक्का, म्हणजे १८ ग्रॅम, साधारण तीन चमचे मीठ चोळून ठेवलं. रात्रभरात ते आत मुरतं. कांदे, गाजरं, बटाटे रात्रीच चिरून वेगळे झाकले. परतायचं काम मात्र सकाळीच. अर्धवट शिजलेलं मांस रात्रभर ठेवायचं नसतं, आणि सगळं भांड्यात भरून भांडंच फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी जाड मातीचं गार भांडं तापायलाच तास घेतं.

सकाळी बिडाच्या तव्यावर तेल कडकडीत तापवून दोन्ही तुकडे प्रत्येक बाजूने चांगले काळपट तांबूस होईपर्यंत परतले. याने रस आत कोंडला जातो असं सांगतात. हा समज एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरला, आणि तो खोटा आहे. परतायचं ते रंगासाठी आणि वासासाठी. ती रासायनिक क्रिया १४० सेल्सिअसच्या वर भरात येते आणि स्लो कुकर शंभरालाही पोचत नाही. या पायरीवाचून मांस मऊ होईल, पण दिसेल आणि लागेल उकडल्यासारखं. त्याच तव्यात तीन मोठे कांदे, मग एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, ती विटकरी होईपर्यंत. शेवटी कपभर बिनमिठाचा बीफ स्टॉक ओतून तळाची सगळी खरवड लाकडी उलथण्याने सोडवली. ग्रेव्हीची निम्मी चव त्या खरवडीत असते. ती तव्यात ठेवून तवा धुवायला टाकणं म्हणजे करंटेपणा.

भांड्यात सगळ्यात खाली, कडेला लागून, गाजर आणि बटाट्याचे मोठे तुकडे. पहिल्या वेळी ते वर रचले होते आणि कच्चे राहिले. भाज्या मांसाच्या आधी शिजतात ही आपली सवयीची समजूत इथे लागू पडत नाही. त्यांचं पेक्टिन ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढेच नीट सैल होतं, म्हणून त्यांना उष्ण भिंतीजवळची जागा हवी. आंबट पदार्थानेही त्या आखडतात, म्हणून टोमॅटो पेस्ट चमचाभरच. भाज्यांवर कांदा, त्यावर मांस, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस (यात चिंच असते, इंग्रज हे मोठ्याने सांगत नाहीत), थोडा थाइम. 'बे लीफ' म्हणून मिळतं ते आपलं तमालपत्र नव्हे, वेगळ्या झाडाचं आणि वेगळ्या वासाचं. एक पान घातलं. पाणी अजिबात नाही. भांडं दोन-तृतीयांश भरलं, त्यापेक्षा जास्त भरू नये.

आठ वाजता हाय वर सुरू केलं, दहाला मिस्सेहून परत आल्यावर लो. झाकणाचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. काच वाफेने धुरकट होते म्हणून त्यांना उचलावंसं वाटायचं. मी त्यांना दाखवलं की झाकण जागच्या जागी थोडं फिरवलं की थेंब ओघळून जातात आणि आतलं दिसतं. त्यानंतर त्या दिवसभर येता-जाता झाकण फिरवत होत्या, पण उचललं एकदाही नाही. "अगं, हलत पण नाही ते. मेलं की काय?" असं चारच्या सुमारास सुनेला विचारून झालं.

साडेपाचला मध्यभागी १९८ फॅरनहाइट. पण आकड्यापेक्षा काटा खरा: तो खुपसून थोडा फिरवला की तंतू आपणहून बाजूला व्हायला हवेत. एका तुकड्यात झाले, दुसऱ्यात पापुद्र्यापाशी अडलं, म्हणून आणखी अर्धा तास. घड्याळाकडे बघून बंद करायचं नाही हे तिला तिथे कळलं. लांब शिजणाऱ्या जेवणाची वेळ तासभर आधीची धरावी, कारण तयार मांस 'वॉर्म' वर तास-दीड तास आरामात थांबतं. पाहुणे मात्र कच्च्या मांसासाठी थांबत नाहीत.

ग्रेव्ही

पहिल्या रविवारची ग्रेव्ही खारट आणि पाणचट, दोन्ही एकाच वेळी. तिने कांद्याच्या सूपचं एक पाकीट, ब्राउन ग्रेव्हीचं एक पाकीट आणि दोन कप पाणी घातलं होतं. ब्राउन ग्रेव्हीचं पाकीट एका कपाला दाट करण्यापुरतं असतं. मांसानेच दोन-एक कप पाणी सोडलं, झाकणाखालून वाफ जात नाही, तेव्हा एका कपाच्या पिठाला चार कप दाट करायचे होते. दोन पाकिटांचं मीठ मात्र सगळंच्या सगळं उतरलं. इथल्या 'मिसिसिपी रोस्ट' सारख्या लोकप्रिय प्रकारांत अशीच पाकिटं आणि लोण्याची अख्खी कांडी पडते. चवीला ते झकास लागतं हे मी नाकारत नाही, पण सासऱ्यांना रक्तदाब आहे.

माझं मत स्पष्ट आहे: स्लो कुकरमध्ये ग्रेव्ही होत नाही, तिथे फक्त रस तयार होतो. ग्रेव्ही गॅसवर, शेवटच्या वीस मिनिटांत करायची.

मांस आणि भाज्या ताटात काढून झाकून ठेवल्या, रस गाळला. कपभर स्टॉक घातला होता, निघाला तीन कप. काचेच्या मापात दहा मिनिटं ठेवल्यावर वर बोटभर पिवळी चरबी आली. ती काढली, पण टाकली नाही. रस रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर उकळून अडीच कपांवर आणला. शेजारी दुसऱ्या पातेल्यात त्याच चरबीतले चार मोठे चमचे तापवून चार मोठे चमचे मैदा घातला आणि बदामीच्या पुढे, खारकेच्या रंगापर्यंत परतला. इथे घाई केली तर कच्च्या पिठाचा वास येतो. रंग जितका गडद तितका दाटपणा कमी, हेही लक्षात ठेवायचं. मग गरम रस पळीपळीने, प्रत्येक वेळी घोटून एकजीव झाल्यावरच पुढची पळी. सगळा गेल्यावर पाच मिनिटं मंद उकळी. मीठ चाखून पाहायचं ते इथे, आटवल्यानंतर. घालावं लागलं नाही.

या टप्प्यावर सासूबाईंनी पिशवीतून आपली बाटली काढली. बॉटल मसाला ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कुटून बियरच्या काळपट बाटल्यांत भरून ठेवतात. तो त्यांनी वसईहून आणला होता. "अर्धा चमचा टाक, नाहीतर पप्पा म्हणतील इस्पितळातलं जेवण." सून माझ्याकडे बघू लागली. मी होकार दिला, फक्त मसाला आधी चमचाभर गरम चरबीत फुलवून घेतला, नाहीतर तो ग्रेव्हीत कच्चा तरंगतो. हे कुठल्याही अमेरिकन पाककृतीत नाही आणि ग्रेव्हीला त्याची गरजही नव्हती. तरी बाऊल रिकामा झाला तो त्यामुळेच, असा माझा अंदाज आहे.

मांस कापताना रेषा पाहिल्या आणि त्यांना आडवं कापलं. लांब धागे दातांखाली येऊ नयेत म्हणून. सासऱ्यांचा वाटा काट्यानेच सोडवून ग्रेव्हीत पाच मिनिटं बुडवून ठेवला. मुलांना मॅश केलेले बटाटे, मोठ्यांना भात, आणि सासूबाईंनी दुपारी तळलेले फुगे, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बोलले तेव्हाही काही नाही.

मग प्रेशर कुकरचं काय?

सासूबाई चूक नव्हत्या. कुकरमध्ये दाबाखाली तापमान ११५ सेल्सिअसच्या वर जातं, उंचीचा प्रश्न जवळजवळ मिटतो आणि चकचे मोठे तुकडे तासाभरात तितकेच मऊ होतात. मऊपणात स्लो कुकर सरस आहे असं मी म्हणणार नाही. त्याची गंमत एवढीच की त्याला मागे सोडून घराबाहेर पडता येतं.

तो जन्मला त्यासाठीच. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. कल्पना त्यांच्या आईच्या आठवणीतून आली होती. लिथुआनियातल्या विल्ना गावी ज्यू लोक शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू होण्याआधी 'चोलंट' चं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून घेवडा आणि मांस रात्रभर आपोआप शिजत राहायचं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय घेतला आणि पुढच्या वर्षी तेच भांडं 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं. देवळात जाऊन येईपर्यंत जेवण मागे शिजत राहावं, ही सोय रविवारच्या मिस्सेलाही तितकीच लागू. घाई असेल त्या दिवशी मात्र कुकरच लावावा, असं मी सुनेला सांगितलं, आणि ते सासूबाईंच्या समोर सांगितलं.

जाता जाता एक सूचना, कारण तिने लगेच राजमा ठेवायचा बेत सांगितला. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये लो वर ठेवू नये. त्यातलं विषारी द्रव्य जाण्यासाठी भिजवून, ते पाणी टाकून, आधी गॅसवर सणसणीत उकळावा लागतो. उकळीपेक्षा कमी तापमानात पोट बिघडवायची त्याची ताकद उलट वाढते.

उरलेलं

उरलेलं मांस ग्रेव्हीसकट उथळ डब्यांत भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवलं. तीन-चार दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी ग्रेव्ही वडीसारखी थिजलेली बघून सुनेने बिघडली का विचारायला फोटो पाठवला. ते जिलेटीन; गॅसवर उकळी आणली की पुन्हा पातळ. गरम करायला परत स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही, तो फार हळू तापतो.

फ्रीझरमधला दुसरा आय ऑफ राउंड अजून तसाच होता. तो टाकायचं कारण नव्हतं, फक्त अख्खा लांब शिजवायचा नव्हता. अर्धवट गोठलेला असतानाच सासूबाईंनी त्याचे बारीक तुकडे करून खिमा केला. कमी चरबीचा खिमा फारसं तेल सोडत नाही, त्यामुळे पोटॅटो चॉपच्या आत भरायला तो उत्तम. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी मांस नको म्हणून तो वार टाळून, त्यांनी शनिवारी ते केले.